झोळीविना प्रचारक : सँडविच बेटांवरील एका पोराची तीन वर्षे



धर्मप्रचाराचा इतिहास हा विषय मी निवडला याचे काहींना नवल वाटले असेल. माझे आयुष्य साखर कारखान्यांतील कामगारांत गेले. शाळा आठवीपर्यंतच झाली. पुढचे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर. असा माणूस इतिहासाचे पुस्तक उघडतो तेव्हा त्याच्या मनात प्रथम जे प्रश्न येतात ते पंडितांच्या प्रश्नांहून थोडे वेगळे असतात. हा माणूस सकाळी किती वाजता उठत होता? काय खात होता? त्याच्या खाण्याचा खर्च कोणावर पडत होता? तो निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांचे काय झाले? मॉर्मन पंथाच्या तरुण प्रचारकांविषयी वाचताना हेच प्रश्न मी विचारीत गेलो. त्यांची जी उत्तरे मिळाली ती आज आपल्यापुढे ठेवतो. त्या पंथाची मते खरी की खोटी हा माझा विषय नव्हे. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जोसेफ स्मिथ या तरुणाने ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. बायबलाच्या जोडीला ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ ते पवित्र मानतात, म्हणून लोक त्यांना मॉर्मन म्हणू लागले. शेजाऱ्यांशी त्यांचे जमले नाही. राज्याराज्यांतून त्यांना हुसकावण्यात आले आणि २७ जून १८४४ रोजी इलिनॉय राज्यातील कार्थेज येथील तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथ व त्यांचे वडील बंधू हायरम यांना गोळ्या घालून ठार केले. उरलेले अनुयायी ब्रिगॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली बैलगाड्या जोडून पश्चिमेकडे निघाले व १८४७ पासून सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात वसाहत करून राहिले.

तुरुंगात मारल्या गेलेल्या हायरमचा एक मुलगा होता, जोसेफ एफ. स्मिथ. त्याचा जन्म १३ नोव्हेंबर १८३८ चा. बाप गेला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. आई मेरी फील्डिंग ही मूळची इंग्लंडची. तिने पोराबाळांसह तो मैदानी प्रवास केला आणि या मुलाने वयाच्या नवव्या वर्षी बैलांची जोडी हाकीत १८४८ मध्ये सॉल्ट लेक गाठले. बैलांच्या मागे चालणारे नऊ वर्षांचे पोर म्हणजे काय, हे ऊसतोडीच्या गाड्या पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. १८५२ मध्ये आईही गेली. तेरा वर्षांचा हा मुलगा आणि त्याची धाकटी बहीण मार्था अॅन पोरकी झाली.

पुढे असे घडले की, शाळेत मास्तर त्या बहिणीला चामड्याच्या पट्ट्याने मारावयास निघाला. भाऊ आडवा आला. मास्तर त्याच्यावर धावला, तेव्हा या दांडग्या पोराने मास्तरालाच चोप दिला. शाळा सुटली ती कायमची. थोड्याच दिवसांत, १८५४ च्या एप्रिलमधील परिषदेत, प्रचारासाठी परदेशी पाठवावयाच्या लोकांच्या यादीत त्याचे नाव वाचले गेले. आपण जाल का, असे आधी कोणी विचारले नव्हते. पगार नाही, मुदत नाही, वाटखर्चसुद्धा नाही. जावयाचे ठिकाण सँडविच बेटे, म्हणजे आजचे हवाई. वय साडेपंधरा.

मे महिन्याच्या अखेरीस ही मंडळी निघाली. कॅलिफोर्नियात पोहोचल्यावर जहाजाच्या भाड्यासाठी मजुरी करणे भाग होते. छपरावर घालावयाच्या लाकडी फळ्या पाडण्याच्या कामावर हा पोरगा राबला. २७ सप्टेंबर १८५४ रोजी तो होनोलुलूला उतरला, तेव्हा त्याच्याजवळ विद्येची पुंजी म्हणावी अशी नव्हती. पण जनावरे राखणे, लाकूड फोडणे, उपाशी चालणे आणि आईने शिकविलेले वाचन एवढ्या गोष्टी त्याला येत होत्या.

बेटांची त्या वेळची अवस्था लक्षात घेतली पाहिजे. गोऱ्यांच्या जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी मूळचे लोक भराभर मरत होते. १८५३ च्या शिरगणतीत सर्व बेटांची मिळून लोकसंख्या ७३ हजारांच्या आसपास भरली आणि त्याच वर्षी देवीच्या साथीत हजारो माणसे गेली. १८४८ च्या वाटणीने जमिनीची जुनी सामाईक व्यवस्था मोडली होती. १८५० पासून परकीयांना जमीन विकत घेता येऊ लागली होती. १८२० मध्ये आलेल्या अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी हवाई भाषेला लिपी दिली होती, शाळा काढल्या होत्या, बायबलाचे भाषांतर १८३९ मध्ये पुरे केले होते. त्यांची घरे चांगली बांधलेली होती आणि दरबारात त्यांचे वजन होते.

मॉर्मन प्रचारक तेथे प्रथम आले ते १८५० च्या डिसेंबरात. दहाजण, आणि तेही कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणींतून उचललेले. त्यांची पहिली कल्पना अशी की बेटांवरील गोऱ्यांना उपदेश करावा. गोरे ऐकेनात. तेव्हा निम्मे परत गेले. जे राहिले त्यांत जॉर्ज क्यू. कॅनन हा तेवीस वर्षांचा तरुण होता. त्याने ठरविले की गोरे ऐकत नसतील तर येथल्या लोकांची भाषा शिकावी. तो त्यांच्या घरात राहिला, भाषा शिकला आणि त्याने व त्याच्या हवाई सहकाऱ्यांनी ‘बुक ऑफ मॉर्मन’चे हवाई भाषांतर केले, ते १८५५ मध्ये छापले गेले. पंथ बेटांवर रुजला तो या निर्णयाने. परक्या भाषेत बोलणारा कार्यकर्ता दारावर सभा घेऊ शकतो, पण सभासद करू शकत नाही, हा आमच्याही धंद्यातील अनुभव आहे.

जोसेफला माउई बेटावरील कुला या डोंगराळ भागात पाठविण्यात आले. तेथे त्याचा दिवस कसा जात असे?

आधी खाणे. हवाई लोकांचे मुख्य अन्न पोई. आपल्याकडे अळू म्हणून जे आपण जाणतो त्याच जातीचा कंद शिजवितात, दगडाने कुटतात, पाणी घालून सरबरीत करतात आणि एक-दोन दिवस आंबू देतात. सारे घर एकाच भांड्याभोवती बसते आणि बोटांनी खाते. गव्हाच्या भाकरीवर वाढलेल्या पोराला हे आंबट अन्न पहिल्याने घशाखाली उतरेना. पण दुसरे काही नव्हते. पोई, रताळी, मासे, आणि ज्या दिवशी घरधन्याच्या घरातच काही नसेल त्या दिवशी तेही नाही. झोपणे गवताने शाकारलेल्या झोपडीत, चटईवर, घरातील सगळ्यांच्या रांगेत.

मग भाषा. पुस्तक घेऊन शिकविणारा कोणी नव्हता. हवाई बायबल समोर ठेवावे, घरातील मुलांबरोबर बोलावे, चुकावे, मुलांनी हसावे, पुन्हा म्हणावे, हीच शाळा. उतरल्यापासून शंभर दिवसांत आपण ती भाषा सहज बोलू लागलो, असे तो पुढे सांगत असे. म्हातारपणी सांगितलेल्या आकड्यात थोडे कमीजास्त धरले तरी, वर्षभराच्या आत सभा चालविणे, बाप्तिस्मा देणे, भांडणे मिटविणे ही कामे तो हवाई भाषेतून करीत होता, याविषयी शंका नाही. सतरा-अठराव्या वर्षी माउई, मग हिलो, मग मोलोकाई येथील मंडळ्यांची व्यवस्था त्याच्यावर सोपविलेली दिसते.

काम म्हणजे मुख्यतः चालणे. एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात, लाव्हाच्या खडकांवरून, पावसात दऱ्या उतरून, बेटाबेटांमध्ये लहान गलबतांतून. पोहोचल्यावर सभा, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, नवे सभासद, जुन्यांपैकी कोण सोडून गेले त्याची चौकशी. उरलेल्या वेळात कपडे धुणे, ठिगळे लावणे, बहिणीला पत्र लिहिणे, हाती येईल ते वाचणे. त्याच्या १८५६ व ५७ च्या रोजनिशा शिल्लक आहेत आणि अलीकडे छापल्याही गेल्या आहेत. त्यांत चमत्कार फार नाहीत. चालणे, भूक, ओले कपडे, कंटाळा, घरची आठवण आणि ऐकावयास न येणाऱ्या लोकांविषयीची चीड आहे. हवाई लोकांविषयी तो जागोजागी कठोरही लिहितो. गोऱ्या पोराच्या मनातील वर्णाचा अहंकार पोईच्या भांड्याशी बसल्याने एका दिवसात जात नाही, हेही या पानांवरून दिसते. म्हणूनच ती पाने मला विश्वासार्ह वाटतात.

त्याआधीच्या रोजनिशा आगीत गेल्या. ज्या घरात प्रचारकांच्या पेट्या ठेवल्या होत्या ते जळाले. कपडे, पुस्तके, सारे गेले. त्यानंतर काही काळ त्याच्यात आणि त्याच्या सोबत्यात मिळून अंगावर घालण्याजोगा एकच पोशाख होता. एकजण तो घालून सभेला जाई तेव्हा दुसरा अंथरुणात पडून राही. दुसऱ्या सभेला पाळी बदले. ही गोष्ट पुढे विनोदाने सांगितली जाई. परंतु त्याच दिवसांतील एक स्वप्नही तो सांगत असे. आपण मळलेले, फाटके असे एका मोठ्या घराकडे धावत चाललो आहोत. वाटेत अंघोळ करून गाठोडे उघडतो तो आत स्वच्छ कपडे निघतात. दारात मारला गेलेला चुलता उभा राहून उशीर झाल्याबद्दल बोलतो, आणि आपण उत्तर देतो की उशीर झाला खरा, पण मी स्वच्छ आहे. धर्मशास्त्री याचा अर्थ पापपुण्याचा लावतील. मला त्यात एकाच सदऱ्यावर दिवस काढणारा, कोणी आपल्याला हिणवू नये म्हणून धडपडणारा पोरगाही दिसतो.

बेटावर असताना त्याला भयंकर ताप आला. त्या आजारात महुही नावाच्या हवाई बाईने त्याला आपल्या घरात ठेवून पोटच्या पोरासारखे जपले. महिन्यांमागून महिने शुश्रूषा केली. पुढे तो चर्चचा अध्यक्ष झाल्यावर होनोलुलूला गेला, तेव्हा आंधळी झालेली ही म्हातारी हातात केळी घेऊन धक्क्यावर आली आणि ‘योसेपा, योसेपा’ म्हणून हाका मारू लागली. जोसेफचे हवाई नाव ते. त्याने तिला मिठी मारली आणि बरोबरच्यांना सांगितले की ही माझी आई.

आता माझा मुख्य प्रश्न. या तीन वर्षांचा खर्च कोणी केला? पंथाचा नियम ‘थैली व झोळी न घेता’ जाण्याचा होता. शुभवर्तमानात येशूने शिष्यांना तसे सांगितले आहे. आपल्याकडे माधुकरी मागून शिकणारे विद्यार्थी होते, वारीत वाटेवरच्या गावांनी दिंड्यांना जेवू घालण्याची रीत आहे, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही. पण झोळी नसली तरी पोट असतेच. ते भरले महुहीसारख्यांनी, साथींनी निम्मी-शिम्मी झालेल्या, जमीन हातून चाललेल्या लोकांनी. सॉल्ट लेकच्या हिशेबवहीत या खर्चाची नोंद नाही.

ही पद्धत सर्वत्र चालत नाही याचे प्रमाण आपल्याच प्रांतात मिळते. १८५२ च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेकच्या परिषदेत शंभराहून अधिक प्रचारक जगभर पाठविण्याचे ठरले. त्याच परिषदेत पंथाने आपली बहुपत्नीकत्वाची चाल उघडपणे जाहीर केली. त्यांतील तेराजण १८५३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यास उतरले. त्याआधीच, १८५२ मध्ये, ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक इंग्लंडहून मुंबईस आला होता. मुंबईची वृत्तपत्रे व पाद्री त्याच्यावर तुटून पडले. तो पुण्यास गेला. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तिच्या वीस-बावीस वर्षे आधी या गृहस्थाच्या सभा पुण्यात होत होत्या. ऐकणारे बहुतेक फौजेतील गोरे शिपाई व त्यांची कुटुंबे. लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत प्रचाराला बंदी केली. १८५५ मध्ये त्याने मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिका मुंबईत छापली आणि त्याच वर्षी तो परत गेला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. तेथे मिल्टन मसर हा बावीस-तेवीस वर्षांचा तरुण ट्रुमन लेनर्ड या सोबत्याबरोबर गेला, त्यालाही छावणीचे दार बंदच मिळाले. १८५६ पर्यंत सारे परतले. एवढ्या मोठ्या देशात मिळालेले अनुयायी शंभराच्या आतच होते.

असे का व्हावे? हवाईत प्रचारक परक्याच्या चुलीशी बसू शकला. येथे गोऱ्या साहेबाने पायी हिंडावे, दुसऱ्याच्या घरी जेवण मागावे, ही गोष्ट इंग्रजांना कमीपणाची वाटे; आणि हिंदूंच्या घरात जातीच्या नियमाने त्याला पंगत नव्हती. शिवाय जो बाटेल त्याला जात टाकणार, म्हणजे त्याचा रोजगार जाणार, घर जाणार. पगारी मिशनांजवळ शाळा होत्या, नोकऱ्या होत्या. या फकिरांजवळ देण्यासारखे काही नव्हते. बहुपत्नीकत्वाच्या बातमीने उरलेसुरले दारही लागले. विचार कितीही तळमळीने सांगितला तरी तो स्वीकारणाऱ्याची भाकर कोठून येईल याचे उत्तर त्यात नसेल तर लोक ऐकून घरी जातात.

पुन्हा हवाईकडे वळू. १८५७ मध्ये अमेरिकन सरकारने यूटावर फौज पाठविली आणि ब्रिगॅम यंग यांनी बाहेरगावच्या प्रचारकांना परत बोलाविले. जोसेफ ऑक्टोबरात निघाला, फेब्रुवारी १८५८ मध्ये घरी पोहोचला व लगेच बंदूक घेऊन पंथाच्या फौजेत दाखल झाला. वय एकोणीस. त्याच्या हकिगती सांगणारी पुष्कळ पुस्तके येथे प्रकरण संपवितात. मला येथेच खरी गोष्ट सुरू होते असे वाटते.

बेटांवरील हजारो सभासद मागे राहिले. त्यांना विचारून कोणी गेले नव्हते. लनाई बेटावर पालावाई येथे १८५४ पासून त्यांची एक वसाहत उभी राहत होती. पाणी कमी, पीक बेताचे. १८६१ मध्ये वॉल्टर मरे गिब्सन नावाचा हुशार व साहसी गृहस्थ सॉल्ट लेकचे शिफारसपत्र घेऊन तेथे आला. त्याने सूत्रे हाती घेतली, धर्मातील हुद्द्यांसाठी लोकांकडून पैसे घेतले, सभासदांच्या वर्गणीतून लनाईवर जमीन घेतली आणि ती स्वतःच्या नावावर केली. अखेर हवाई सभासदांनीच पत्र लिहून यूटाला कळविले. चौकशीसाठी १८६४ मध्ये जी समिती आली तिच्यात पंचवीस वर्षांचा जोसेफ होता, कारण त्याला लोकांची भाषा येत होती. गिब्सनला पंथातून काढले. पण जमीन त्याच्याच नावावर राहिली. पुढे तोच गृहस्थ १८८२ ते १८८७ पर्यंत हवाईच्या राजाचा मुख्यमंत्री झाला. ज्यांनी जनावरे विकून वर्गणी दिली त्यांना परत काही मिळाले नाही.

संघटनेत काम करणाऱ्या प्रत्येकाने ही हकिगत वाचावी असे मला वाटते. कार्यकर्ते भले प्रामाणिक असोत; ज्या दिवशी वरून हुकूम येतो आणि ते एका रात्रीत निघून जातात, तेव्हा मागे दप्तर कोणाजवळ, पावतीपुस्तक कोणाजवळ, आणि हिशेब विचारण्याचा अधिकार सभासदांना दिला होता की नाही, यावर सारे ठरते. हवाई लोकांना प्रार्थना शिकविली होती, बाप्तिस्मा दिला होता. कारभार मात्र गोऱ्यांनी स्वतःकडेच ठेवला होता. गिब्सनला वाट मिळाली ती त्यातून.

१८६५ मध्ये पंथाने ओआहू बेटावर लाये येथे सुमारे ६ हजार एकर जमीन घेतली व थोड्याच वर्षांत तेथे उसाचा मळा सुरू केला. प्रचारकांचा प्रमुख तोच मळ्याचा व्यवस्थापक, अशी स्थिती तेथे पुढे दीर्घकाळ होती. एकाच माणसाकडे उपदेश ऐकावयाचा आणि मजुरीही मागावयाची. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची पुढची पिढी तर बेटांवरील साखरेच्या मोठ्या मालकांत जमा झाली, आणि त्या मळ्यांवरचे १९०९, १९२० व १९४६ चे संप जगाच्या कामगार इतिहासात नोंदले गेले; शेवटचा ७९ दिवस चालला.

काही हवाई सभासद उलट दिशेने गेले. धर्मक्षेत्री राहावे म्हणून ते सॉल्ट लेकला आले. तेथे शेजाऱ्यांना ते नकोसे झाले, कामे मिळेनात. १८८९ मध्ये त्यांना शहरापासून दूर स्कल व्हॅली या रुक्ष खोऱ्यात वसविण्यात आले आणि वसाहतीला नाव दिले ‘योसेपा’, त्या पोईवर वाढलेल्या प्रचारकाचे. समुद्राकाठची ही माणसे हिमवर्षावात शेती करीत राहिली. काहींना कुष्ठरोग झाला. पुष्कळजण तेथेच पुरले गेले. लाये येथे मंदिर बांधले जाणार असे कळल्यावर ती परत फिरली आणि १९१७ मध्ये वसाहत उठली. तेथील दफनभूमी मात्र राहिली आहे. जोसेफ स्मिथ १९०१ पासून चर्चचा अध्यक्ष होता. १९ नोव्हेंबर १९१८ रोजी तो वारला. लायेचे मंदिर पुढल्या वर्षी उघडले.

आजचा मॉर्मन प्रचारक झोळीविना हिंडत नाही. विसाव्या शतकात या कामाला ठरीव शिस्त आली. पांढरा सदरा, छातीवर नावाची काळी पट्टी, मुलांना दोन वर्षांची मुदत व मुलींना दीड वर्षाची, सकाळी साडेसहाला उठणे, रात्री साडेदहाला दिवा मालविणे, सोबत्याला एकटे न सोडणे, आठवड्यातून एक दिवस धुणी व पत्रांसाठी. १९६१ मध्ये प्रोवो येथे भाषाशिक्षणाची संस्था निघाली; कुलातील पोरे ज्यांना हसत होती ती चूक आता वर्गात सुधारली जाते. खर्च पूर्वी ज्या त्या देशातील महागाईप्रमाणे ज्याच्या त्याच्या घरावर पडे. एकाचा बाप थोडक्यात सुटे, दुसऱ्याचा कर्जात जाई. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील व कॅनडातील घरांसाठी सर्वांना सारखी मासिक वर्गणी ठरली. हा आमच्या तत्त्वाला धरून झालेला बदल आहे. मात्र तो खर्च अजूनही प्रचारक आणि त्याची माणसेच उचलतात. आईबापांशी फोनवर बोलण्याची मोकळीक कित्येक वर्षे वर्षातून दोनच वेळा होती. २०१९ पासून ती दर आठवड्याला मिळाली.

बंधुभगिनींनो, पंधरा वर्षांच्या पोराला हजारो मैलांवर धाडणाऱ्या संघटनेची निष्ठा मोठी होती, यात संशय नाही. त्या पोराचे धैर्यही मोठे होते. चर्चच्या इतिहासात त्याला मानाचे पान मिळाले आहे. मी आज त्याच्याबरोबर महुहीचे नाव घेतले, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत त्या लनाईच्या वर्गणीदारांची आठवण केली, ती एवढ्यासाठी की कोणत्याही चळवळीचा जमाखर्च मांडताना चालणाऱ्याचे पाय जसे मोजावयाचे, तसे त्याला जेवू घालणाऱ्याचे भांडेही मोजले पाहिजे. ते मोजण्याची सवय आपण आपल्या चळवळींपासून लावून घ्यावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.